दम्याचे निदान झाल्यानंतर: बेळगाव सीमाभागातील रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी मार्गदर्शन

घरात कोणाला दमा असल्याचे डॉक्टरांनी सांगितले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत सल्ल्यांची कमतरता भासत नाही. एक जण सांगतो की पंपाची सवय लागते, तेव्हा तो घेऊ नका. दुसरा मृग नक्षत्रावर हैदराबादला जाऊन माशाचे औषध घेण्यास सुचवतो. तिसरा दही, केळी आणि भात बंद करायला लावतो. या गोंधळात रुग्णाला नेमके काय करायचे, हे शांतपणे सांगणारे कोणी भेटत नाही. ज्यांच्यासाठी हा आजार नवा आहे, अशा रुग्णांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी हा लेख आहे. यातील एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: दम्याचा खरा उपचार धाप लागते त्या वेळी होत नाही, धाप लागत नाही त्या दिवसांत होतो. खाली दिलेल्या बहुतेक सूचना त्या एका गोष्टीतूनच निघालेल्या आहेत.

आधी आजार समजून घ्यावा

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. या नलिकांच्या आतल्या अस्तराला बारीक सूज असते आणि ती रुग्णाला बरे वाटत असतानाही पूर्णपणे गेलेली नसते. सुजलेले अस्तर हळवे असते. त्याला धूळ, धूर, थंड हवा, सर्दी किंवा उग्र वास लागला की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, सूज वाढते, चिकट कफ तयार होतो आणि हवेची वाट अरुंद होते. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक कठीण जाते, त्यामुळे छातीत शिट्टीसारखा किंवा घरघरीचा आवाज येतो.

धाप लागणे, छाती आवळल्यासारखी वाटणे, घरघर आणि खोकला ही दम्याची चार मुख्य लक्षणे आहेत. ती रात्री किंवा पहाटे वाढतात आणि कमी-जास्त होत राहतात. एखादा आठवडा उत्तम जातो आणि पुढच्या आठवड्यात जिना चढवत नाही. काही रुग्णांना, विशेषतः मुलांना, धाप न लागता केवळ रात्रीचा कोरडा खोकला येतो. घरचे तो सर्दीचा समजून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या बदलत राहतात. दमा हा संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवण्याची किंवा त्याच्याजवळ मुलांना जाऊ न देण्याची काहीही गरज नाही, आणि असे करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

निदान पक्के करून घ्यावे

दम लागतो म्हणून तो दमाच असतो असे नाही. अनेक वर्षे विडी ओढलेल्या पुरुषांना आणि आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या स्त्रियांना चाळिशीनंतर लागणारी धाप बहुधा सीओपीडी या वेगळ्या आजाराची असते. त्या आजारात अरुंद झालेल्या नलिका औषधाने पूर्ववत मोकळ्या होत नाहीत. हृदयविकारातही रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी प्रथम करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते.

दम्याचे निदान पक्के करणारी चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री. यंत्राच्या नळीत जोराने फुंकर मारायची, मग नलिका मोकळ्या करणारे औषध घ्यायचे आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचे, एवढीच ही चाचणी असते. पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण औषधानंतर १२ टक्के आणि २०० मिलिलिटर इतके किंवा त्याहून जास्त वाढले, तर दम्याच्या बाजूने भक्कम पुरावा मिळतो. चाचणीच्या दिवशी आजार शांत असेल तर निकाल सामान्य येऊ शकतो, तेवढ्यावरून दमा नाही असे ठरत नाही. चाचणीपूर्वी किती तास पंप घ्यायचा नाही, हे आधी विचारून ठेवावे. ही सोय साधारणपणे छातीरोगतज्ज्ञांकडे आणि मोठ्या रुग्णालयांत असते. बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बीम्स आणि केएलईचे प्रभाकर कोरे रुग्णालय ही दोन मोठी ठिकाणे आहेत. मात्र आपल्याकडे निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला, चिकोडीचा मिरजेला आणि खानापूरचा कधी बेळगावला तर कधी गोव्याला दाखवतो. त्यामुळे कागद तीन गावांत विखुरतात आणि प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो. यासाठी सर्व चिठ्ठ्या आणि अहवाल तारखेप्रमाणे एकाच फाइलमध्ये लावावेत आणि शक्यतो एकाच डॉक्टरांकडे नियमित जावे.

कन्नड नीट न येणाऱ्यांनी तपासणीला जाताना निदान एक वाक्य पाठ करून जावे: ‘उसिराडलु तोंदरे आगुत्तिदे’, म्हणजे श्वास घ्यायला त्रास होत आहे. बेळगाव शहरात अडचण सहसा येत नाही, पण रात्रीच्या वेळी नवीन परिचारिकेशी किंवा रुग्णवाहिकेच्या दूरध्वनीवर बोलताना हे वाक्य उपयोगी पडते.

दोन औषधे, दोन कामे

नव्या रुग्णाचा सर्वांत मोठा घोटाळा येथे होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. दम्यासाठी दोन प्रकारची ओढायची औषधे असतात. पहिले औषध आवळलेले स्नायू सैल करते. सॅलब्युटामॉल हे त्यातले सर्वांना माहीत असलेले नाव, आणि त्याचा पंप बहुधा निळ्या रंगाचा असतो. ते काही मिनिटांत आराम देते आणि त्याचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. मात्र ते सूज कमी करत नाही. दुसरे औषध सूज कमी करणारे असते. बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन ही त्यातली नावे आहेत आणि ती सर्व ओढून घ्यायची स्टेरॉइड औषधे आहेत. त्यांचा गुण हळूहळू, काही दिवसांत ते काही आठवड्यांत जाणवतो, आणि म्हणूनच रुग्णाला ती निरुपयोगी वाटतात.

परिणामी असे होते की निळा पंप ओढला की लगेच बरे वाटते म्हणून रुग्ण तोच पुन्हा पुन्हा वापरतो आणि सुजेचे औषध आठवडाभरात बाजूला ठेवतो. वरून आराम आणि आत वाढणारी सूज अशी ही स्थिती धोक्याची आहे. अशा रुग्णांना अचानक तीव्र झटका येण्याची शक्यता जास्त असते. दम्याविषयी जगभरासाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ‘गिना’ या संस्थेने २०१९ पासून स्पष्टच सांगितले आहे की प्रौढांचा आणि किशोरवयीन मुलांचा दमा केवळ सॅलब्युटामॉलवर सांभाळू नये, प्रत्येकाच्या उपचारात सुजेचे औषध असलेच पाहिजे. आता अनेक डॉक्टर बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच इन्हेलर देतात. फॉर्मोटेरॉल लवकर काम करत असल्याने तोच रोज घेता येतो आणि त्रास झाल्यावरही वापरता येतो. आपल्याला कोणती पद्धत दिली आहे आणि दिवसाला जास्तीत जास्त किती वेळा ओढायचे आहे, हे चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये.

खानापूरच्या पश्चिमेकडील गावांत कौलारू घरांची शाकारणी पाऊस सुरू होण्याआधी होते. धार लागल्यावर कोणी कौले परतायला चढत नाही. सुजेच्या औषधाचे तसेच आहे. बरे वाटते म्हणून ते स्वतःहून बंद करायचे नसते.

स्टेरॉइड या शब्दाची भीती अनेकांना वाटते आणि ती समजण्यासारखी आहे, कारण दीर्घकाळ गोळ्यांतून किंवा इंजेक्शनातून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे मधुमेह, हाडांची झीज, मोतीबिंदू असे त्रास होतात. मात्र ओढलेले औषध थेट श्वासनलिकेत जाते, त्यामुळे ते फार थोडे पुरते. हिशेब सॅलब्युटामॉलच्या उदाहरणाने लगेच कळतो. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅमची असते. गोळी घेतल्यावर हातांना कंप सुटतो आणि छाती धडधडते ती त्यामुळेच. गोळी साधी आणि पंप जहाल ही आपल्याकडची समजूत नेमकी उलटी आहे. सवय लागण्याबद्दल सांगायचे तर रक्तदाबाच्या गोळीची जितकी सवय लागते तितकीच याची. आजार दीर्घकाळचा आहे म्हणून औषध दीर्घकाळ घ्यावे लागते.

इन्हेलर ओढण्याची रीत

औषध चांगले असूनही गुण येत नाही, याचे सर्वांत सामान्य कारण ते चुकीच्या रीतीने ओढणे हे असते. दाबायचा पंप आणि कॅप्सूलचे यंत्र या दोन्हींची रीत वेगळी आहे.

दाबायचा पंप असेल तर टोपण काढून तो चांगला हलवावा. नवीन असेल किंवा बरेच दिवस वापरलेला नसेल, तर सोबतच्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे एक-दोन वेळा हवेत दाबून घ्यावा. ताठ बसावे किंवा उभे राहावे, श्वास हळूच बाहेर सोडावा, तोंडी ओठांत घट्ट धरावी, श्वास सावकाश आत घेण्यास सुरुवात करतानाच एकदा दाबावे आणि पूर्ण श्वास संथपणे आत घ्यावा. नंतर मनात दहा मोजेपर्यंत, किंवा जमेल तेवढा वेळ, श्वास रोखून धरावा. दुसरा दाब घ्यायचा असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबून पंप पुन्हा हलवावा. दाबणे आणि ओढणे यांचा मेळ बऱ्याच जणांना साधत नाही, त्यामुळे औषध घशात आणि जिभेवर बसते. यावर उपाय म्हणजे स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळकांडी. मुलांना आणि वयस्करांना तर स्पेसरशिवाय पंप देऊच नये. लहान मुलांसाठी त्याला मास्क लावावा आणि मुलाला त्यातून पाच-सहा साधे श्वास घेऊ द्यावेत. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावा आणि न पुसता हवेत सुकू द्यावा. फडक्याने घासल्यास प्लास्टिकला विद्युतभार येतो आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटते.

रोटाकॅप म्हणजे कॅप्सूलमधील कोरडी भुकटी असेल तर रीत याच्या विरुद्ध आहे. येथे श्वास जोराने आणि खोल ओढावा लागतो, कारण भुकटी आत खेचण्याचे काम रुग्णाच्या श्वासानेच होते. यंत्रात फुंकर मारू नये. ओढून झाल्यावर कॅप्सूलमध्ये भुकटी उरली असेल तर पुन्हा ओढावे. ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची नसते; साधी सूचना वाटली तरी ती घरातील वयस्करांना स्पष्ट सांगावी. जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर घरातील मीठसुद्धा पाणी सोडते, तेथे कॅप्सूलची भुकटी ओल धरून गोळा होते. डबी घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवावी, न्हाणीघराच्या फळीवर किंवा चुलीमागच्या कोनाड्यात नको, आणि कॅप्सूल ओढण्याच्या वेळीच बाहेर काढावी.

सुजेचे औषध ओढल्यानंतर दर वेळी पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि पाणी थुंकून टाकावे, म्हणजे तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येत नाहीत आणि आवाज बसत नाही. पंपात औषध किती उरले, हे काही जण डबी पाण्यात तरंगवून पाहतात. ती रीत भरवशाची नाही. पंपावर आकडे दाखवणारी खिडकी असेल तर ती पाहावी, नसेल तर सुरू केल्याची तारीख पंपावर लिहून दिवसाच्या दाबांचा हिशेब ठेवावा.

आपल्या भागात दमा कशाने वाढतो

प्रत्येकाचा दमा वेगळ्या कारणाने उठतो. म्हणून पहिले दोन-तीन महिने वहीत नोंद ठेवावी: त्रास कधी झाला, त्या दिवशी कोठे गेलो होतो, घरात काय चालले होते. शहरातील पुस्तकांत वाचलेली कारणे आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. आपल्याकडची काही कारणे याच मातीतली आहेत.

पावसाळ्यात मुख्य शत्रू ओल हा आहे. भिंतींवर चढलेली बुरशी, वर्षभर पेटीत ठेवून पहिल्या थंडीला काढलेली घोंगडी आणि गोधड्या, आणि त्यांत वाढणारे धुळीतले सूक्ष्म किडे यांमुळे अनेकांचा दमा उठतो. गोधड्या पावसाळ्यापूर्वी कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात पूर्ण वाळवाव्यात. रुग्णाचे अंथरूण ओल्या भिंतीपासून दूर घालावे आणि पाऊस उघडला की खिडक्या उघडाव्यात. कोंबड्या आणि मांजर झोपण्याच्या खोलीत नसावेत.

पाऊस ओसरू लागला की रस्त्यांच्या कडेचे काँग्रेस गवत फुलते, आणि त्याच्या परागांनी नाक आणि छाती दोन्ही बिघडतात. ते उपटण्याचे काम दम्याच्या रुग्णाने स्वतः करू नये. त्यानंतर सुगी आणि ऊसतोडणी लागते. भात आणि सोयाबीनच्या मळणीची धूळ, गुऱ्हाळाचा धूर, शेतात पेटवलेले पाचट, कारखान्यांच्या परिसरात उडणारी काजळी यांपासून पूर्ण सुटका शेतकरी कुटुंबाला शक्य नसते, हे मान्य करूनच सल्ला द्यायला हवा. मळणी यंत्राच्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे, नाकावर नुसता पंचा न गुंडाळता धूळ अडवणारा चांगला मास्क घट्ट लावावा, आणि पाचट जाळण्याऐवजी सरीत कुजवावे. त्याने जमिनीचाही फायदा होतो. उन्हाळ्यात संकेश्वरी मिरचीची वर्षभराची चटणी करण्याचे दिवस येतात. मिरच्या भाजणे, देठ काढणे आणि डंकावर उभे राहणे हे काम त्या वर्षी दुसऱ्या कोणीतरी करावे, आणि त्या दिवशी रुग्णाला शेजारी पाठवावे.

चूल आणि न्हाणीघरातील बंब यांच्याकडे आपले फारच दुर्लक्ष होते. स्वयंपाक गॅसवर आला, पण सकाळचा बंब अजून लाकडे, शेंड्या आणि कधी कधी प्लास्टिकवरही पेटतो आणि धूर आतल्या खोलीत कोंडतो. बंब उघड्यावर हलवणे हा कमी खर्चाचा आणि मोठा उपाय आहे. डासांच्या कॉइल, उदबत्ती आणि धूप यांचेही तसेच. देवपूजा जरूर करावी, पण झोपण्याच्या खोलीत धुपाटणे फिरवू नये.

कामाच्या ठिकाणची कारणे ओळखण्याची एक खूण आहे: रविवारी आणि सुटीत बरे वाटते, कामावर परतल्यावर त्रास वाढतो. उद्यमबागमधील फाउंड्रीतील धूर आणि वाळूची धूळ, वडगाव-शहापूर भागातील यंत्रमागांवरील सुताची कणी, निपाणी भागातील तंबाखूची भुकटी, खानापूर परिसरातील वीटभट्ट्यांचा धूर हे सर्व श्वासनलिकांना त्रास देणारे आहे. घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांनी तंबाखू झोपण्याच्या खोलीत साठवू नये, सूप हाती घेऊन बसताना दाराजवळ हवेशीर जागा निवडावी आणि तान्हे मूल मांडीवर घेऊन काम करू नये. काम सोडणे सर्वांना परवडत नाही; पण डॉक्टरांना आपला व्यवसाय स्पष्ट सांगितल्यास ते काम बदलून घेण्यासाठी मालकाला पत्र देऊ शकतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्या दमेकऱ्याला मात्र सवलतीचा सल्ला देता येत नाही. ती बंद करावीच लागते, आणि घरातील इतरांनीही घरात ओढू नये.

सण-उत्सवांत गणपती आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीतील गुलाल व फटाके आणि सौंदत्तीच्या यल्लमा यात्रेतील भंडाऱ्याची उधळण यांचा त्रास होतो. उत्सव टाळा असे मी म्हणणार नाही. गर्दीच्या मध्यभागी न जाता कडेने राहावे, आरामाचा पंप खिशात असावा, आणि रोजचे औषध त्या दिवशी चुकवू नये. नवरात्रातील दुर्गामाता दौडीत पहाटेच्या गार हवेत धावताना ज्यांची छाती आवळते, त्यांनी धावण्यापूर्वी पंप घ्यावा का हे डॉक्टरांना विचारावे. आजार ताब्यात असेल तर धावणे, तालीम, कबड्डी यांपैकी काहीही सोडण्याचे कारण नाही.

अंगदुखीच्या काही गोळ्या, जसे ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक, यांनी काही रुग्णांचा दमा एकदम वाढतो. रक्तदाब आणि हृदयविकाराच्या प्रोप्रानोलॉलसारख्या गोळ्यांनी आणि काचबिंदूच्या टिमोलॉल या डोळ्यांत घालायच्या थेंबांनीही तसे होऊ शकते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे आणि औषधाच्या दुकानात ‘मला दमा आहे’ हे वाक्य पहिल्यांदा बोलावे.

लेखी आराखडा आणि झटक्याच्या वेळी करायच्या गोष्टी

डॉक्टरांकडून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: रोज काय घ्यायचे, त्रास वाढू लागल्यास काय वाढवायचे, आणि कोणत्या खुणा दिसल्यास थेट रुग्णालयात जायचे. हा कागद मराठीत असावा आणि घरातील सर्वांना सापडेल अशा ठिकाणी लावावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी पीक फ्लो मीटर हे साधे यंत्र घ्यावे. त्यात तीन वेळा जोराने फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा असतो. प्रकृती चांगली असतानाचा आपला सर्वोत्तम आकडा ठरवावा; रोजचा आकडा त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक, ५० ते ८० च्या दरम्यान असेल तर सावध होऊन आराखड्याप्रमाणे औषध वाढवावे, आणि ५० च्या खाली गेला तर तातडीने रुग्णालय गाठावे.

झटका आला तर रुग्णाला आडवे करू नये. ताठ, किंचित पुढे झुकून बसवावे, कपडे सैल करावेत आणि भोवतीची गर्दी हटवावी. आराखड्यात वेगळे सांगितलेले नसेल, तर सॅलब्युटामॉलचा पंप स्पेसरला लावून एका वेळी एक असे चार दाब द्यावेत आणि प्रत्येक दाबानंतर चार श्वास घेऊ द्यावेत. चार मिनिटे थांबावे. फरक नसेल तर पुन्हा चार दाब द्यावेत आणि तेव्हाच १०८ ला दूरध्वनी करावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. वाटेतही हाच क्रम चालू ठेवावा.

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर चार मिनिटेही वाट पाहू नये, पंप देत देतच निघावे: एका दमात पूर्ण वाक्य बोलता न येणे, ओठ किंवा नखे निळसर होणे, बरगड्यांमधील व गळ्याजवळील कातडी श्वासाबरोबर आत ओढली जाणे, गुंगी येणे किंवा बोलणे असंबद्ध होणे. घरघर चालू असताना ती अचानक बंद झाली आणि रुग्ण थकून गप्प झाला, तर आराम पडला असे समजू नये. हवाच आत-बाहेर जात नसल्याचे ते लक्षण असू शकते. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील वाड्यांवर पावसाळ्याच्या रात्री वाहन मिळण्यास वेळ लागतो आणि मोबाइललाही सर्वत्र रेंज नसते. तेथील रुग्णांनी पूर्ण भरलेला एक जादा पंप आणि स्पेसर घरी ठेवावा, रात्री गाडी काढू शकेल अशा शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे आणि इतरांपेक्षा लवकर निघावे.

दर वेळी दवाखान्यात वाफ घेऊन किंवा इंजेक्शन टोचून घरी येणे हा उपचार पूर्ण झाला असे नव्हे. त्या भेटीनंतर आठवडाभरात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण झटका येणे याचा अर्थ रोजचे औषध अपुरे पडत आहे किंवा नीट घेतले जात नाही, असा असतो.

इतर उपायांबद्दल

मृगाचे माशाचे औषध आणि कोजागरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे औषध यांवर अनेकांची श्रद्धा आहे. या औषधांनी दमा बरा होतो, असे शास्त्रीय चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. श्रद्धेने कोणी जाणार असेल तर माझे कळकळीचे सांगणे एवढेच आहे की, त्यासाठी इन्हेलर एक दिवसही बंद करू नये. प्रवासातील गर्दीत आणि रात्रीच्या जागरणात तर त्याची गरज अधिक असते. घटक न लिहिलेल्या पुडीतल्या भुकट्यांपासून मात्र दूर राहावे. पहिल्याच आठवड्यात जादूसारखा गुण आला, भूक आणि वजन वाढले, चेहरा गोल दिसू लागला, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची दाट शंका घ्यावी. अशी भुकटी एकदम थांबवणेही धोक्याचे असते, म्हणून ती पुडी डॉक्टरांना दाखवूनच पुढे काय करायचे ते ठरवावे.

प्राणायामाने श्वासावर ताबा येण्यास मदत होते. तो औषधाला जोड म्हणून करावा, औषधाऐवजी नव्हे. भात, दही, ताक, केळी सरसकट बंद करण्याचे कारण नाही. वहीतील नोंदींत एखाद्या पदार्थाने वारंवार त्रास झालेला दिसला, तर तेवढाच पदार्थ टाळावा. वाढत्या वयाच्या मुलांचे दूध-केळी तोडून त्यांना अशक्त करू नये.

मुले, गरोदर स्त्रिया आणि पुढील तपासण्या

गरोदरपणात इन्हेलर बंद करणे ही आपल्याकडे सर्रास होणारी आणि घातक गोष्ट आहे. आईला श्वास पुरत नसेल तर बाळालाही प्राणवायू कमी पडतो. ओढायच्या औषधापासून बाळाला असलेला धोका त्यापुढे फार कमी आहे. सासरच्या मंडळींना हे पटवण्यासाठी डॉक्टरांच्या भेटीला नवऱ्याने किंवा सासूबाईंनी बरोबर जावे.

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात पंप आणि स्पेसर असावा आणि वर्गशिक्षकांना तो कसा द्यायचा हे पालकांनी स्वतः शाळेत जाऊन दाखवावे. मुलाला खेळाच्या तासाला बाहेर बसवू नये. मुलींच्या बाबतीत लग्नाच्या विचाराने आजार लपवण्याकडे कल असतो. त्यामुळे मुलगी सर्वांसमोर पंप ओढत नाही आणि त्रास अंगावर काढते. हे थांबवण्याची जबाबदारी आईवडिलांची आहे. ज्या मुलांना सतत शिंका येतात आणि नाक चोंदते, त्यांच्या नाकाचा उपचार बरोबरीने केला तरच छाती शांत राहते. फ्लूची लस दरवर्षी घेण्याबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

उपचार सुरू झाल्यावर एक ते तीन महिन्यांनी, आणि नंतर दर तीन ते बारा महिन्यांनी तपासणी असावी. डॉक्टरांना चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का, रात्री दम्याने जाग आली का, आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, आणि कोणते काम करता आले नाही का. चारही उत्तरे ‘नाही’ असतील तर आजार ताब्यात आहे. असा तो सुमारे तीन महिने राहिला, तर डॉक्टर औषधाचे प्रमाण हळूहळू कमी करू शकतात. मात्र ते पावसाच्या तोंडावर किंवा सुगीच्या धुळीत करू नये, हे आपण होऊन त्यांच्या लक्षात आणून द्यावे. खर्च जड जात असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागावे, म्हणजे जनऔषधी केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात ते चौकशी करून घेता येते. प्रत्येक तपासणीला वही, फाइल आणि वापरातला इन्हेलर बरोबर न्यावा, आणि तो आपण कसा ओढतो हे डॉक्टरांसमोर एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे.